पत्र तिच्या नावाचे, हाती कोणाच्या?

पाकिटावर ज्याचे नाव असेल त्यानेच ते फोडावे, हा नियम कोणत्याही शाळेच्या क्रमिक पुस्तकात दिलेला नसतो. परंतु सुसंस्कृत समाज तो पाळीत आला आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने पोस्टाच्या नोकराने दुसऱ्याचे पत्र फोडणे वा दडपून ठेवणे हा गुन्हा ठरविला होता, आणि २०२४ च्या जूनमध्ये नवा टपाल कायदा अंमलात येईपर्यंत सव्वाशे वर्षे हा दंडक टपालखात्यावर होता. मात्र पोस्टमन पत्र देऊन उंबरठ्यावरून वळला, की कायद्याचा अंमल तेथेच संपत असे. सुनेच्या नावाने आलेले माहेरचे कार्ड आधी सासऱ्याने वाचावे, मग नवऱ्याने वाचावे, आणि त्यांना योग्य वाटल्यास त्यातील चार ओळी तिला ऐकवाव्यात, ह्यात अनेक घरांत कोणाला काही वावगे वाटत नसे. ज्या घरात तिला मारहाण होत असे, त्या घरात तर माहेरी जाणारे पत्रही आधी तपासूनच पेटीत पडत असे.

नाव झाकल्याशिवाय आपले दुःख बोलता येऊ नये, अशी पाळी ह्याच समाजात सुशिक्षित स्त्रियांवरही आलेली आहे. १८८५ साली मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही होती ती केवळ ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची. लिहिणाऱ्या होत्या रखमाबाई. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले होते, आणि त्याबद्दल १८८४ पासून त्यांच्यावर दावा चालू होता. १८८७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे, असे फर्माविले. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे विलायतेत वैद्यक शिकून त्या परतल्या आणि त्यांनी सुरतेस अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर डहाणू रोड हे स्थानक आहे. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत डहाणू आणि उत्तरेस गुजरातच्या सीमेला भिडलेला तलासरी, हे पालघर जिल्ह्याचे दोन तालुके पसरले आहेत. रखमाबाईंच्या काळचा प्रश्न ह्या भागात, आणि खरे म्हणजे सबंध महाराष्ट्रातच, आज नव्या रूपाने उभा राहिला आहे. मार सोसून घराबाहेर पडलेल्या स्त्रीचे पत्र, म्हणजे तिचा ई-मेल, मोबाइलवर येणारा तिचा संदेश, बँकेचा किंवा शासनाचा तिच्या नावचा निरोप, नेमका कोणाच्या हाती पडतो? ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या कायद्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ते तालुक्याच्या कचेरीतील टेबलावर आणि शाळेच्या कार्यालयात आहे, असे ह्या लेखात मांडावयाचे आहे.

पाड्यावरचा एक फोन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. म्हणजे दर चार घरांतील एक घर. त्याच पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया ५४.८ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के, तर पुरुष ६१.५ टक्के होते. हे आकडे सबंध राज्याचे आहेत; त्यांत मुंबई-पुण्याच्या नोकरदार स्त्रियाही आल्या. डोंगराकडेच्या पाड्यांवर फोन बहुधा घराचा असतो, म्हणजेच व्यवहारात तो घरातील पुरुषाचा असतो, हे सांगावयास वेगळे गणित नको.

अत्याचार हा काही आदिवासी पाड्यांचाच विषय आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. डहाणूच्या बंगल्यांत, बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत आणि नोकरदारांच्या वसाहतींतही तो असतो. तेथे तो अधिक शांतपणे चालतो, एवढेच. उलट वारली समाजात स्त्रीला पूर्वापार काही मोकळीक होती. लग्न लावण्याचा मान तेथे धवलेरी ह्या स्त्रीकडे असतो. मुलीसाठी वरपक्षाने देज द्यावयाचे असते. पुनर्विवाहाला कमीपणा नसतो. नवऱ्याशी पटेनासे झाले तर बाई डोंगर ओलांडून आईच्या पाड्यावर निघून जाई, आणि ती कोठे आहे हे कळले तरी ती काय बोलते, कोणाशी बोलते, पुढे काय करणार आहे, हे नवऱ्याला कळण्यास मार्ग नसे. आज ती डोंगर ओलांडून गेली तरी तिच्या कमरेला खोवलेला फोन तिचा माग देत राहतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला किंवा सौराष्ट्राच्या बंदरावरून मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला नवराही शेकडो कोसांवरून तिच्यावर पहारा ठेवू शकतो. जुन्या रूढीने जे अंतर दिले होते ते नव्या यंत्राने काढून घेतले.

हे कसे घडते ते पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात जादू काही नाही. नवा फोन घेतला की तो चालू करण्यासाठी एक ई-मेल खाते लागते. ते खाते फोन विकणारा दुकानदार किंवा घरातील जाणता पुरुष उघडून देतो. परवलीचा शब्द तोच ठरवितो, आणि पुष्कळदा फोनच्या खोक्यावर लिहूनही ठेवतो. परवलीचा शब्द विसरल्यास मदतीला यावा म्हणून जो मोबाइल क्रमांक नोंदवावा लागतो, तो नवऱ्याचा दिला जातो. खाते बाईच्या नावाने उघडले जाते खरे. पण त्याची खरी किल्ली त्या दुसऱ्या क्रमांकावर येणाऱ्या सहा आकड्यांत, म्हणजे ओटीपीत, असते. तेच खाते नवऱ्याच्या फोनवरही उघडे ठेवलेले असेल, तर तिने काढलेली छायाचित्रे, तिने साठविलेले क्रमांक, ती कोठे कोठे गेली ह्याची नोंद, सारे त्याला घरबसल्या दिसते. सिमकार्ड त्याच्या नावावर असेल तर ते बंद करून त्याच क्रमांकाचे दुसरे घेण्यासही तोच मुखत्यार. बँकेतून पाचशे रुपये काढले की कोणत्या गावच्या यंत्रातून काढले ह्याची वर्दी त्याच्या खिशात वाजते. वकिलाचा निरोप, संरक्षण अधिकाऱ्याने दिलेली तारीख, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, सारे आधी त्याला कळते आणि मग तिला. काही वेळा तिला ते कळतच नाही.

कायदा काय म्हणतो?

कायदा ह्याबाबत मुका आहे असे म्हणता येणार नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आहे. त्याच्या १८ व्या कलमाखाली दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, आणि त्यात प्रत्यक्ष भेटून, बोलून, लिहून, दूरध्वनीवरून किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने पीडित स्त्रीशी संपर्क साधण्याची मनाई करता येते. आदेश मोडल्यास ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. १६ व्या कलमाप्रमाणे सुनावणी बंद दाराआड घेता येते. २७ व्या कलमाप्रमाणे स्त्री जेथे तात्पुरती राहत असेल तेथील न्यायालयातही अर्ज चालतो, आणि आदेश सबंध देशात लागू होतो. ही तरतूद तलासरीच्या दृष्टीने मोलाची आहे. कारण येथली मुलगी उंबरगाव तालुक्यात दिलेली असेल, तर सासर-माहेर तीन-चार कोसांवर असूनही मध्ये राज्याची सीमा येते. माहेरी परतलेल्या अशा मुलीला दाद मागण्यासाठी पुन्हा गुजरातेत जाण्याचे कारण नाही.

ई-मेल हा शब्दही कायद्यात आहे. २०१३ साली भारतीय दंडसंहितेत जोडलेल्या आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आलेल्या तरतुदीनुसार, एखादी स्त्री इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधन कसे वापरते ह्यावर पाळत ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरतो. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलमाचे शब्द ‘कोणताही पुरुष’ असे आहेत. ‘नवऱ्याखेरीज’ असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ (क) ह्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. ह्या सर्वांच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी खटल्यातील एकमुखी निर्णय आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

तथापि १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने विभोर गर्ग प्रकरणात दिलेल्या निर्णयाचा येथे विचार केला पाहिजे. पती-पत्नींमधील दाव्यात एकाने दुसऱ्याचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून घेता येईल, असे त्यात ठरले. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते मोडल्याचेच लक्षण होय, असा त्यामागचा विचार. हा निर्णय केवळ पुरुषांच्या पथ्यावर पडणारा आहे असे मानण्याचे कारण नाही. बंद दाराआड धमक्या ऐकणाऱ्या स्त्रीपाशी पुष्कळदा त्या धमक्यांच्या ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरा पुरावाच नसतो. परंतु न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरणे आणि तो मिळविण्यासाठी कोणाचीही टपालपेटी फोडण्याची मुभा देणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोर्टानेच परवानगी दिली आहे’ असे म्हणत बायकोच्या खात्यात शिरणाऱ्यांना हा भेद कोणी तरी समजावून सांगावयास हवा.

कचेरी आणि तिचा रकाना

मग एवढे कायदे असता उणीव कोठे आहे? ती आहे अर्जाच्या छापील रकान्यात. आजच्या प्रत्येक अर्जात मोबाइल क्रमांकाचा रकाना असतो, बहुतेकांत ई-मेलचाही असतो, आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. बाईजवळ स्वतःचा क्रमांक नसेल तर अर्ज भरणारा सहजपणे घरातील पुरुषाचा क्रमांक टाकतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. रांग लांब असते आणि काम उरकावयाचे असते. पण त्या एका सवयीने पुढची कित्येक वर्षे तिच्या नावची प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाण्याची व्यवस्था होऊन बसते. शिधापत्रिका, बँकेचे खाते, मुलांची शिष्यवृत्ती, रुग्णालयाचा कागद, साऱ्यांवर तोच क्रमांक पुढे पुढे उतरविला जातो.

अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे आहे. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या ह्या योजनेत पात्र स्त्रीला दरमहा दीड हजार रुपये मिळू लागले; परित्यक्ता, घटस्फोटित व निराधार स्त्रियाही तीत आल्या. अपात्र व्यक्तींनी, काही पुरुषांनीसुद्धा, लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शासनाने पडताळणी सक्तीची केली. लाभार्थी स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी त्यात मागण्यात आली. म्हणजे ज्याच्या मारापासून ती पळाली, त्याच्याच फोनवर आलेला ओटीपी मागण्यासाठी तिने त्याला फोन करावयाचा. तो विचारणारच, ‘तू आहेस कोठे?’ पुढे पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित स्त्रियांना कागदपत्रे देऊन ही अट पुरी करण्याची वाट मोकळी करण्यात आली, हे योग्यच झाले.

परंतु डहाणू-तलासरीच्या वारली स्त्रीपाशी घटस्फोटाचा कागद असतो काय? हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. येथील विवाह आणि काडीमोड रूढीने, समाजाच्या पंचांपुढे होतात. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्नविधी वर्षानुवर्षांनी, कधी मुलेबाळे झाल्यावर, उरकतात. २००५ च्या कायद्याने विवाहासारख्या संबंधांतील स्त्रीलाही संरक्षण दिले आहे. कायदा येथे कागदाच्या पुढे गेला आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर ‘विवाहित’, ‘घटस्फोटित’ आणि ‘विधवा’ ह्यांपैकी एकच चौकट निवडावी लागते. नवऱ्याला सोडून आलेली पण हुकूमनामा हाती नसलेली बाई ह्यांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही, आणि अखेरीस तिला ‘विवाहित’मध्येच, म्हणजे नवऱ्याच्या ओटीपीच्या दाराशी, नेऊन उभे केले जाते.

नव्या फौजदारी प्रक्रियेत तर ई-मेलचे महत्त्व वाढले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पोलिसांकडे फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठविता येते. तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. समन्स पाठविण्यासाठी पोलीस ठाण्यात वा न्यायालयात पत्ता, ई-मेल व दूरध्वनी ह्यांची नोंदवही ठेवावयाची आहे. डोंगरातल्या पाड्यावरून ठाण्यापर्यंत पायपीट न करता फिर्याद देता येणे ही सोय मोठी आहे. पण फिर्यादीचा ई-मेलच जर आरोपीच्या फोनवर उघडा असेल, तर ती सोय तिच्या जिवावर उठेल.

इतरत्र काय घडले?

ही भीती कल्पनेतील नाही. २०१० च्या फेब्रुवारीत गूगल कंपनीने आपल्या ई-मेलला ‘बझ’ नावाची एक जोड दिली, आणि ज्यांच्याशी माणूस वारंवार पत्रव्यवहार करतो त्यांची यादी आपोआप इतरांना दिसू लागली. अमेरिकेतील एका स्त्रीने, आपल्याला छळणाऱ्या पूर्वीच्या नवऱ्याला ह्यामुळे आपला माग लागू शकतो, असे टोपणनावाने जाहीरपणे लिहिले. रखमाबाईंच्या पत्रांनंतर सव्वाशे वर्षांनी आणि सातासमुद्रांपलीकडे पुन्हा एका स्त्रीला नाव झाकूनच बोलावे लागले. कंपनीला माघार घ्यावी लागली. २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत तिने वीस वर्षे खाजगीपणाची स्वतंत्र तपासणी करून घेण्याचे मान्य केले. ज्यांनी ती सोय रचली त्यांच्या मनात कोणाचेही वाईट नव्हते. पत्रव्यवहार करणारी माणसे एकमेकांचे मित्रच असतात, एवढे त्यांनी गृहीत धरले होते. ‘पती म्हणजे पत्नीचा हितकर्ताच’ असे गृहीत धरणारा आपला अर्जाचा रकाना ह्याहून फार वेगळा नाही.

त्याच देशात ह्यावर उपायही शोधले गेले. वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये पीडित स्त्रियांसाठी पर्यायी पत्त्याची योजना सुरू केली. तिच्या कागदपत्रांवर शासनाचा पत्ता छापला जातो आणि टपाल तेथून तिच्याकडे पोचविले जाते. २०२२ च्या एका केंद्रीय कायद्याने पीडित व्यक्तीने मागणी केल्यास कुटुंबाच्या सामायिक खात्यातून तिचा दूरध्वनी क्रमांक वेगळा करून देणे कंपन्यांना बंधनकारक केले. आपल्याकडेही पायाभूत तरतुदी आहेत. २००६ च्या नियमांनुसार पीडित स्त्रीची इच्छा असल्यास ती आश्रयगृहात असल्याचे गुप्त ठेवावयाचे आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याने तिच्याशी विचारविनिमय करून सुरक्षिततेचा आराखडा तयार करावयाचा आहे. तिच्या फोनचा, ई-मेलचा व बँकेला दिलेल्या क्रमांकाचा विचार त्या आराखड्यात झाला नाही, तर आश्रयगृहाचे कुलूप व्यर्थ होय.

शासनाकडून तीन गोष्टींची अपेक्षा करता येईल. ज्या योजनेत पतीची पडताळणी लागते, तेथे संरक्षण अधिकाऱ्याचे पत्र किंवा दंडाधिकाऱ्यापुढील अर्जाची पोच पर्याय म्हणून चालावी. पोलीस व न्यायालयाच्या नोंदवहीतील पीडितेचा संपर्क आरोपीला मिळणाऱ्या प्रतींतून वगळला जावा. आणि क्रमांक तिच्या वापरात पण सिम त्याच्या नावावर असेल, तर संरक्षणाच्या आदेशावरून तो क्रमांक तिच्या नावे करून देण्याचा नियम दूरसंचार कंपन्यांना लागू व्हावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पती-पत्नींत गुपित कसले, असा आक्षेप काही सज्जन घेतील. जेथे विश्वास आहे तेथे गुपित नसावे, हे मान्य. पण विश्वास हा देणाऱ्याने द्यावयाचा असतो, घेणाऱ्याने हिसकावयाचा नसतो. दुसरा आक्षेप असा, की बापाला आपल्या मुलांचा ठावठिकाणा कळण्याचा हक्क नाही काय? आहे, परंतु तो ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. न्यायालयाने भेटीचा आदेश दिला असेल तर तो पाळलाच पाहिजे. आदेश नसताना केवळ ‘मी तिचा नवरा आहे’ एवढ्या शब्दावर कारकुनाने वही उघडून दाखविणे हा मात्र न्याय नव्हे. स्त्रिया ह्याचा गैरफायदा घेतील, हा तिसरा आक्षेप. गैरफायदा कोणत्याही सोयीचा घेतला जातो. म्हणून पोस्टाने पाकिटे उघडीच वाटावीत असे आजवर कोणी सुचविले नाही.

आपल्या हाती काय आहे?

ह्या पानाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कार्यालयांतील कर्मचारी आणि विद्यार्थी आहेत. शासनाचे नियम बदलेपर्यंत थांबण्याची त्यांना गरज नाही. अर्ज भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने एकच प्रश्न विचारावा, आणि तो सोबतच्या पुरुषाला नव्हे तर बाईला, शक्य तर एकटीला विचारावा: ‘ताई, ह्या क्रमांकावर निरोप आला तर चालेल ना?’ नको म्हणाली तर कारण विचारू नये. जुन्या शिधापत्रिकेवरचा क्रमांक आपणहून उतरवून घेऊ नये. कोणी फोनवरून ‘माझ्या बायकोचा अर्ज कोठवर आला’ असे विचारले तर सांगू नये. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक नोंदणी केंद्रावर तिच्या अंगठ्याच्या ठशावर बदलता येतो, त्यासाठी जुना क्रमांक लागत नाही, एवढे तिला सांगितले तरी पुष्कळ काम होते. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीच्या झरी गावी जमलेल्या वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीची गुलामी नाकारली, तेव्हा सावकाराच्या कागदावरचा अंगठा त्यांना बांधून ठेवीत असे. आज तोच अंगठा एका बाईला मोकळे करू शकत असेल, तर ते तिला कळावयास नको काय?

शिक्षकांची जबाबदारी अधिक नाजूक आहे. आई मुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेली, की बाप बहुधा शाळेत येतो. कारण मुलांचा दाखला कोणत्या शाळेने मागितला हे तेथे कळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही. तेव्हा नव्या शाळेने मुलाला आधी बसवून घ्यावे आणि जुन्या शाळेने नव्या शाळेचे नाव वाटेल त्याला सांगू नये. वर्गाच्या पालकांसाठी चालविलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नव्याने आलेल्या मुलाचे छायाचित्र टाकण्यापूर्वी त्याच्या आईला विचारावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याने शाळा ही मुलाच्या घरापर्यंत, त्याच्या अंगणापर्यंत जाते हे दाखवून दिले. ज्या तालुक्याने देशाला अंगणवाडीची वाट दाखविली, तेथील शाळेने मुलाच्या आईचा विश्वास सांभाळावा ही अपेक्षा जास्तीची नाही.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागेल. घरात फोनचे सर्वांत अधिक ज्ञान बहुधा त्यांनाच असते, आणि म्हणूनच ‘आईच्या फोनमध्ये काय आहे ते बघून सांग’ असे काम मुलावर सोपविले जाते. मुलाला आईवरचा हेर बनविणे हा त्या घरातील अत्याचाराचाच भाग आहे. तो त्याने नाकारावा. उलट मुलींनी आपले ई-मेल खाते स्वतः उघडावे, परवलीचा शब्द स्वतः ठरवावा आणि तो भावी नवऱ्यालाही देण्याचे बंधन नाही हे ध्यानात ठेवावे. शाळेच्या संगणकावर किंवा बाहेरच्या दुकानात खाते उघडल्यास ते बंद करूनच उठावे.

मदत करताना उतावीळपणा मात्र होऊ नये. जी बाई अजून त्याच घरात राहते, तिच्या खात्याचा परवलीचा शब्द एकाएकी बदलला तर नवऱ्याला संशय येतो, आणि संशयानंतर येणारा मार अधिक क्रूर असतो. जुने खाते तसेच चालू ठेवावे, त्यात हवापाण्याचीच पत्रे असू द्यावीत. आणि वकिलाशी, संरक्षण अधिकाऱ्याशी वा संस्थेशी बोलण्यासाठी वेगळे खाते, विश्वासू व्यक्तीच्या फोनवरून उघडावे, हा शहाणपणाचा मार्ग होय. केव्हा काय करावयाचे ते तिने ठरवावे. धोका कोणत्या दिशेने येतो हे तिच्याइतके कोणासही ठाऊक नसते. १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक, ११२ हा तातडीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा, हे तीन क्रमांक प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर असावेत. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीलाही मिळतो. वारली स्त्रीचा हक्क तर ह्या दोन्ही नात्यांनी आहे. तिचे उत्पन्न किती, हा प्रश्न त्यात येत नाही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील मुख्य तरतुदी अंमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मोठ्या कंपन्यांना वळण लावण्यास असे कायदे हवेतच. पण तलासरीच्या बसथांब्यावर उतरून, कडेवर मूल घेऊन कचेरीत आलेल्या बाईची गाठ कोणत्याही कंपनीशी पडत नाही. तिची गाठ पडते ती खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाशी. त्याने रकान्यात कोणता क्रमांक लिहिला, ह्यावर तिचे पुढचे पत्र कोणाच्या हाती पडणार हे ठरते. पोस्टमन पाकिटावरचे नाव पाहून ते त्याच माणसाच्या हाती देतो, एवढ्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहिलो. तोच विश्वास ह्या खिडकीवर ठेवता यावा, एवढीच ह्या बाईची मागणी आहे.